गाल मागच्या खिशावर

वाचकाचं पत्र:

ताई, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे. स्वतः कबड्डी खेळलोय. दोन वर्षांपूर्वी रग्बीच्या शिबिराला गेलो आणि खेळ मनात बसला. जूनपासून शाळेच्या मैदानावर संध्याकाळी रग्बी सुरू केलं. 9 ते 15 वयाची 38 मुलं-मुली आली होती, आता 24 उरलीत. बॉल तीनच. मोबाइलवर व्हिडिओ बघून ड्रिल घेतो, पण पोरं कंटाळतात, रांगेत एकमेकांना चिमटे काढतात. आठवीतला एक मुलगा अंगानं थोराड आहे, बॉल त्याच्या हातात गेला की ट्राय (पलीकडच्या रेषेवर बॉल टेकवून गुण) झालाच, बाकीचे बघत बसतात. टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं, शिकवायला घेतलं तर परवा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. एकाला क्षणभर काही सुचेना. पाणी पाजलं, पाच मिनिटांनी म्हणाला बरं वाटतंय, म्हणून खेळू दिलं. तेव्हापासून रुखरुख लागलीय. दोन महिन्यांवर स्पर्धा आहे. माझं चुकतंय कुठं?

उत्तर:

प्रिय सर,

तुम्ही स्पर्धेपाशी पत्र संपवलंत आणि डोकं आपटलेल्या मुलाला मधल्या दोन-तीन ओळी दिल्यात. मी त्या मुलापासून सुरू करते, स्पर्धेचं शेवटी बघू.

आधी त्याच्या घरी जा. फोन नको, स्वतः जा. आईला विचारा: डोकं दुखतं म्हणतो का, झोप नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी झालीय का, वाचताना त्रास होतो का, उगाच चिडतो का, दिव्याकडे बघवत नाही असं होतं का. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काहीच नसलं तरी एकदा दाखवून घ्या आणि नेमकं काय घडलं ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा, कारण मुलगा ‘काही नाही, जरा लागलं’ एवढंच सांगणार. आणि ज्याच्याशी टक्कर झाली त्या दुसऱ्या पोराचीही चौकशी करा. पत्रात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.

त्याला परत खेळू दिलंत ते चुकलं. गोड बोलून झाकण्यासारखी ही गोष्ट नाही. पण मीही त्याच वाटेनं गेलेय. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलीचं डोकं दुसरीच्या कोपरावर आदळलं. ‘मला काही नाही, ताई’ म्हणाली, हसत होती, मी जाऊ दिलं. पुढच्या बॉलला ती सुसाट पळाली, आपल्याच ट्राय लाइनकडे. सगळे खो खो हसले. मीही हसले. तिला त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे डोकेदुखी होती, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मेंदूला हादरा बसलाय हे ओळखायला बेशुद्ध पडावं लागत नाही. क्षणभर सुचेनासं होणं, नजर हरवणं, उभं राहताना झोक जाणं, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उलटी, यातलं एक पुरे. काही लक्षणं तर तासांनी उगवतात, त्यामुळे ‘पाच मिनिटांनी बरं वाटलं’ याला काही अर्थ नाही. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका शालेय सामन्यात 14 वर्षांच्या मुलाला एकाच सामन्यात एकापेक्षा जास्त वेळा डोक्याला मार लागला. बाजूला उभ्या असलेल्यांनी तपासलं, पुन्हा खेळू दिलं. सामना संपता संपता तो कोसळला आणि गेला. पहिला हादरा जिरायच्या आत दुसरा बसला की कोवळ्या मेंदूचं असं होऊ शकतं. त्यानंतर तिकडच्या शाळांत आणि क्लबांत या बाबतीत कडकपणा आला. आपल्याकडे तो आपणच आणायचा.

म्हणून मैदानावर नियम एकच ठेवा: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मुलगा म्हणो, बाप म्हणो, तुमचं स्वतःचं मन म्हणो. तपासायला साधे प्रश्न पुरतात: आपण कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा ट्राय कुणी केला, पहिला डाव चालू आहे की दुसरा. पण उत्तरं बरोबर आली म्हणजे सुटला असं नाही, चुकली तर मात्र खात्रीच. मुलाला एकटं सोडू नका, सायकलवर घरी पाठवू नका. उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढत चालली, गुंगी येऊ लागली, झटका आला, हातापायात जोर नाही म्हणाला, तर डॉक्टर गाठा असं मी म्हणणारच नाही, सरळ 108. मान दुखते म्हणाला तर त्याला हलवायचंसुद्धा नाही.

जागतिक रग्बी संघटनेनं हौशी खेळाडूंसाठी सामन्यात परतण्याआधी किमान 21 दिवस सांगितलेत. हे 21 दिवस घरी झोपून काढायचे नाहीत. आधी शाळा नीट जमायला हवी, मग चालणं, हलकं पळणं, मग बॉल, आणि टॅकल सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टर हो म्हणाल्यावर. तुमच्या त्या मुलाचे दिवस टक्कर झाली त्या तारखेपासून मोजा.

आता रांगेकडे वळते.

तुमचं ड्रिल मला न बघता दिसतंय. तीन रांगा, प्रत्येकीत आठ पोरं. पहिला पळतो, ठेवलेल्या कोनाला वळसा घालतो, पास देतो, शेवटी जाऊन उभा राहतो. एका फेरीला पंधरा-वीस सेकंद. म्हणजे एका पोराच्या हातात बॉल दोन-अडीच मिनिटांनी एकदा येतो. वीस मिनिटांच्या ड्रिलमध्ये आठ-नऊ वेळा! उरलेला वेळ तो काय करणार? चिमटेच काढणार. नऊ वर्षांच्या मुलाला रांगेत शांत उभं करायचं तर समोर प्रसादाची पंगत तरी पाहिजे.

विश्वास बसत नसेल तर उद्या एक करा. दुखापतीमुळे बाहेर बसलेलं एखादं पोर असेल त्याला कागद-पेन्सिल द्या. एक मुलगी नेमून द्या, थोराड नको, हुशारही नको, मधली. तासाभरात तिच्या हाताला बॉल कितीदा लागला, तेवढ्या रेघा मारायच्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तासाला 11 रेघा आल्या होत्या. शिकवण्याबद्दलचं माझं मत त्या कागदानं जेवढं बदललं तेवढं कुठल्या शिबिरानं बदललं नाही. व्हिडिओतल्या ड्रिलमध्ये आठ मोठी माणसं, आठ बॉल आणि एक ड्रोन असतो. ते बघायला छान असतं, त्यात रांग दिसतच नाही.

रांगा मोडा. आठ-आठ पोरांचे तीन चौक आखा, प्रत्येक चौकात एक बॉल, चार विरुद्ध चार. चौक 20 पावलं लांब, 15 रुंद. टॅकल नाही, दोन्ही हातांनी स्पर्श केला की बॉलवाल्यानं तीन मोजायच्या आत पास द्यायचा. पास मागे किंवा सरळ बाजूला, पुढे गेला की बॉल समोरच्यांचा. पलीकडच्या रेषेवर बॉल टेकवला की ट्राय. नियम एवढेच सांगा आणि गप्प बसा. पहिली सहा-सात मिनिटं गोंधळ होईल, बॉल पुढे फेकला जाईल, सगळे एका जागी गोळा होतील. होऊ द्या. मग शिट्टी, आणि एकच प्रश्न: ‘मोकळी जागा कुठं होती?’ उत्तर पोरांकडूनच काढा. चाळीस सेकंद. पुन्हा खेळ.

ड्रिल घ्यायचंच नाही असं नाही. खेळात जे अडलं तेवढंच बाजूला काढून पाच-सात मिनिटं घोटायचं आणि लगेच खेळात परत न्यायचं. पास चुकतोय? तर पास. पण आपण हे का करतोय ते त्यांना आधीच कळलेलं असतं, म्हणून ती सात मिनिटं चिमटे निघत नाहीत.

पासबद्दल एक सांगते. फिरकी घेत जाणारा पास व्हिडिओत देखणा दिसतो आणि पोरं पहिल्याच दिवशी तो करायला बघतात. लहान हातांना तो झेपत नाही, आणि आठ-दहा पावलांच्या अंतराला त्याची गरजही नाही. माझ्या मुलांना मी बादली सांगते. दोन्ही हातांनी पाण्यानं भरलेली बादली धरलीय आणि बाजूच्या झाडाला पाणी घालायचंय. हात कमरेशी येतात, झुलतात, पाणी सुटल्यावर बोटं झाडाकडेच राहतात. बेंबी पुढे, मान जोडीदाराकडे, बादली बाजूला. आणि घेणाऱ्यानं हात आधीच वर काढून ठेवायचे, बोटं उघडी, बॉल यायच्या आधी. निम्मे बॉल पडतात ते वाईट पासमुळे नव्हे, झोपलेल्या हातांमुळे. हाक मारणंही शिकवा. ‘मागं आहे’, ‘डावीकडं’, जे तोंडाला येईल ते, पण मोठ्यानं. बॉल हातात असलेल्याला पाठीमागे डोळे नसतात.

पुढचं वाचून तुम्ही हसाल. तुमच्या गावात आट्यापाट्या माहीत असलेलं कुणी आहे का? आजोबा मंडळींत नक्की सापडेल. त्यांना एक दिवस मैदानावर आणा. रग्बीत समोरच्याला हूल देऊन निघायचं ही अर्धी विद्या आहे, आणि ती आपल्या मातीत आधीपासून आहे.

मी ते असं घेते. मैदानावर सहा-सहा पावलांवर तीन पाट्या आखायच्या, माती ओली असेल तर काठीनंच. प्रत्येक पाटीवर एक पोर. त्यानं आपली पाटी सोडायची नाही, आडवंच सरकायचं. इकडून दोघं जोडीनं निघतात, त्यांच्यात एक बॉल. तिन्ही पाट्या ओलांडून पलीकडे टेकवायचा. पाटीवरच्यानं बॉलवाल्याला दोन्ही हातांनी शिवलं की जोडी बाद. जोडी तिसऱ्या पाटीवर पोचली की इकडून दुसरी जोडी सुटते, त्यामुळे थांबणं जवळजवळ नाहीच. पंधरा मिनिटांत एक जोडी किती वेळा दोन-विरुद्ध-एक खेळते बघा.

इथं काय बघायचं ते सांगते, कारण नुसतं पळायला सोडून उपयोग नाही. बहुतेक पोरं पाटीवरचा दिसला की लांबूनच घाबरून पास देतात. मग पाटीवरचा आरामात दुसऱ्याकडे सरकतो. काही जण उलटे, बॉल देतच नाहीत. आणि उरलेले तिरके पळत जोडीदाराचीच जागा खातात. त्यांना सांगायचं: पाटीवरच्याचा जो खांदा तुझ्या जोडीदारापासून लांब आहे, त्या खांद्याकडे पळ. त्याला तुझ्यामागं यावंच लागेल. दोन पावलं उरली की पास. परवा आमच्याकडे एका दहा वर्षांच्या मुलीला हे समजलं त्या क्षणी मी समोर होते. तिनं पाटीवरच्या मुलाला डावीकडे ओढलं, त्याचं वजन त्या पायावर गेलेलं बघितलं आणि न बघताच उजवीकडे बॉल सोडला. जोडीदार तिथं नव्हताच, बॉल चिखलात! ती जोडीदाराला असं काही बोलली की मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण दिसलं ते दिसलं. आता तिला ड्रिल नको, जोडीदार पाहिजे.

थोराड मुलाचं औषध याच खेळांत आहे. त्याच्यावर चिडू नका, तो चूक काहीच करत नाही. वाढीच्या वयात एकाच इयत्तेत एक पोर बापाएवढं आणि दुसरं बाकाएवढं असतं, आणि दोन वर्षांत चित्र पालटतं. आज नुसत्या अंगावर ट्राय काढणारा मुलगा तेव्हा सोळाचा असेल, बाकीचे त्याच्या बरोबरीला आलेले असतील आणि त्याला पासही येत नसेल, हूलही येत नसेल. नुकसान त्याचंच. म्हणून चौकात त्याच्यापुरता वेगळा नियम करा: तो ट्राय करू शकत नाही, ट्रायसाठी पास देऊ शकतो. त्याला कानात सांगा, की तुझ्या पासवर आज तीन वेगवेगळ्या मुलांनी ट्राय केले तर तू जिंकलास. टॅकलच्या दिवशी मात्र जोडी वयावर लावू नका, वजनावर आणि धीरावर लावा. वर्ग विसरा.

टॅकलकडे येते. इथं तुमची कबड्डी कामाला येईल आणि आडवीही येईल. आडवी कुठं येते ते आधी.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण डोकी आपटलेली ती दोघं टॅकल करणारीच होती ना? म्हणजे एक बॉलवाला आणि दोघे दोन बाजूंनी त्याच्यावर. ही साखळी आहे, सर. कबड्डीत चढाईवाला हद्दीत शिरला की दोघांनी मिळून झेपावणं हाडात मुरलेलं असतं. तिथं चढाईवाला बहुतेक वेळ पाय तोलत, अंदाज घेत उभा असतो. इथं तो पूर्ण वेगात येतो. दोन पोरं दोन बाजूंनी खाली वाकली, तो निसटला, की उरतात समोरासमोर दोन डोकी. म्हणून पहिले काही महिने टॅकल एकास एकच. दोघांनी मिळून टॅकल करणं हा मोठ्यांचा विषय.

दुसरी सवय घोट्याच्या पकडीची. समोरून घोट्यावर सूर मारणारा कबड्डीत टाळ्या घेतो, रग्बीत पळणाऱ्याचा गुडघा त्याच्या कपाळावर बसतो. तिसरी, पकडून धरून ठेवणं. कबड्डीत श्वास संपेपर्यंत सोडायचं नाही, इथं बॉलवाला जमिनीवर आला की लगेच हात सोडायचे, नाहीतर पेनल्टी. आणि चढाईवाल्याला उचलून बाहेर टाकण्याची जी मजा आहे ती पूर्ण विसरायची. उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर आपटलं तर रग्बीत लाल कार्ड दिसू शकतं, आणि दिसायलाच हवं.

कामाला येतो तो कुस्तीतला पट. तुमच्या भागात तालमी आहेत, निम्म्या पोरांना पट काढता येत असेल. खाली वाकणं, पाय जवळ टाकणं, खांदा लावून मांड्यांना दोन्ही हातांची मिठी, हे सगळं तयारच आहे. बदलायचं एकच, डोकं. एकेरी पटात डोकं पुष्कळदा समोरच्याच्या आतल्या बाजूला राहतं. रग्बीत डोकं पळणाऱ्याच्या वाटेत आलं की संपलं. ते त्याच्या मागच्या बाजूला गेलं पाहिजे. मी त्याला ‘गाल मागच्या खिशावर’ म्हणते. खेळायच्या चड्डीला खिसा नसतो, म्हणून पहिल्या आठवड्यात खडूनं खिसा काढते. टॅकल झाल्यावर गालाला खडू लागला पाहिजे. पोरं एकमेकांचे गाल तपासतात, त्यात पुन्हा वेगळी मारामारी होते, पण डोकं कुठं ठेवायचं ते कुणी विसरत नाही.

क्रम मात्र सोडू नका. आधी नुसतं पडायला शिकवा: बॉल छातीशी, गुडघा, कंबर, खांदा या क्रमानं जमिनीवर. हात टेकायला पुढे काढायचा नाही, मनगट नाहीतर गळ्याजवळचं हाड जातं. तालमीचे वस्ताद परवानगी देतील तर पहिले चार तास आखाड्याच्या हौद्यातच घ्या, तिथल्या मऊ मातीसारखी गादी विकत मिळत नाही. मग दोघंही गुडघ्यांवर. मग बॉलवाला उभा, चालत, टॅकल करणारा एका गुडघ्यावर. मग दोघंही उभे, चालत. मग हलक्या पळीत, तीन पावलं रुंद पट्टा आखून, म्हणजे बॉलवाल्याला फार जोर घ्यायला जागा नाही आणि टॅकल बाजूनं होईल. एक पायरी दोन्ही खांद्यांवर नीट झाली तरच पुढची. सगळ्यांना एकच दोष आधी दिसतो: शेवटच्या क्षणी डोळे मिटतात, मान खाली जाते. मान खाली गेलेला टॅकल, समोरचा पडला तरी, मी मोजत नाही. ‘डोळे उघडे, हनुवटी वर’ हे घसा बसेपर्यंत सांगावं लागतं.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, पोरं ताजी असताना, शेवटी दमल्यावर नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून दगड झाली की टॅकल बंद, स्पर्शाचाच खेळ. पावसाळ्यातला चिखल चालेल.

उंचीचं सांगायचं तर, नियमाप्रमाणे खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल गेला की पेनल्टी. पण हौशी खेळात अनेक देशांनी ही रेषा आणखी खाली आणलीय. फ्रान्सनं 2019 मध्येच हौशी रग्बीत कमरेपर्यंत आणली. तुमच्या मैदानावर तुम्हीच नियम करा: बेंबीच्या वर हात नाही. कुणी परवानगी विचारणार नाही. डोक्यावरची मऊ टोपी मेंदूचा हादरा थांबवत नाही, ती कानासाठी आहे. दातांसाठी मात्र गार्ड हवाच.

तुम्ही सुरुवातीला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावता, बरोबर? फेऱ्या काढून टाका. जागतिक संघटनेचा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ नावाचा वीसेक मिनिटांचा व्यायाम फुकट मिळतो. तोल, उडी मारून नीट उतरणं, मानेचा जोर, दिशा बदलणं, असं सगळं त्यात आहे. बाथ विद्यापीठानं इंग्लंडमधल्या शाळांत तो तपासला. आठवड्यातून निदान तीनदा करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती 72 टक्क्यांनी कमी, मेंदूचे हादरे 59 टक्क्यांनी कमी. साहित्य काही लागत नाही. पोरं पहिले दोन आठवडे कुरकुर करतील.

स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून एकमेकांना ढकलणं, घेऊ नका. तुम्ही विचारलं नाहीत, पण व्हिडिओत दिसला की हात शिवशिवतात. मान वाकवून ढकलायचं काम शिबिरातून स्वतः शिकल्याशिवाय कुणी शिकवू नये, मीही एकटी असताना घेत नाही.

मुलींचं तुम्ही ओझरतं लिहिलंत. 24 मध्ये किती उरल्यात? गळती बहुधा तिकडूनच झाली असेल, आणि त्याचं कारण रग्बी नसून कपडे बदलायला जागा नसणं, उशीर होणं आणि घरी सोडायला कुणी नसणं हे निघेल. त्यांच्या आयांना मैदानावर बोलवा, वेळ अर्धा तास अलीकडे आणा. कुणी म्हणालं की मुलींचा हा खेळ नव्हे, तर त्यांना जून 2019 ची मनिला सांगा. भारताच्या महिला संघानं पंधरा जणींच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय विजय तिथं मिळवला, सिंगापूरवर 21-19 असा, शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर. ती किक ओडिशाच्या सुमित्रा नायकची, आणि कर्णधार आपल्या पुण्याची, वाहबिझ भरुचा.

आता स्पर्धा. आयोजकांना आधी विचारा, लहान गटात स्पर्शाचा किंवा कमरेच्या पट्ट्या ओढायचा प्रकार आहे का. असेल तर सगळ्यांना घेऊन जा. जुन्या ओढण्या फाडून पट्ट्या करा, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोंबती खोवली की झालं, आजपासून सराव करता येईल. फक्त टॅकलचीच स्पर्धा असेल तर 12 खालची पोरं मी नेणार नाही. वरच्या गटातून फक्त ज्यांचा गुडघ्यांपासून पळीपर्यंतचा क्रम दोन्ही खांद्यांवर झालाय तेवढेच. सेव्हन्सला, म्हणजे रग्बीच्या छोट्या प्रकाराला, सात लागतात आणि बदली चार-पाच तरी हव्यात, कारण सात-सात मिनिटांचे डाव दिसायला छोटे, पण एका दिवसात तीन-चार सामने होतात आणि दमलेलं पोर चुकीचा टॅकल करतं. एवढी पोरं दोन महिन्यांत तयार झाली नाहीत तर यंदा नका जाऊ. मुख्याध्यापक विचारतील, ‘एवढं करून काय उपयोग?’ त्यांना रेघांचा कागद दाखवा, आधीचा आणि आताचा. आणि डोकं आपटलेला मुलगा? त्याचे 21 दिवस स्पर्धेच्या बरेच आधी संपतील, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याचं नाव यादीत नको.

राहता राहिले तीन बॉल. पोरांच्या हातातून सारखे निसटत असतील, तर त्यावरचा आकडा बघा. 5 असेल तर तो पंधरा वर्षांपुढच्यांचा. साधारण दहा ते चौदाला 4 नंबर, त्याखाली 3. नवे येईपर्यंत थोडी हवा काढा, लहान बोटांना पकड मिळते. आणि रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून घरात ठेवा, शाळेच्या व्हरांड्यात नको. आमचा एक कुत्र्यानं नेला होता, आणि फाटका का होईना, तो त्यानं ट्राय लाइनपलीकडेच टेकवला.

तुमची,
ताई